घास गिळत नाहीये! घसा दुखणाऱ्या लहान मुलांचं खाणंपिणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी दीड वर्षाची असताना ऐन श्रावणात तिच्या तोंडात आणि घशात फोड आले. भूक तर लागायची. पेला दोन्ही हातांत धरून उभी राहायची, पहिला घोट घ्यायची आणि पेला टाकून रडायला लागायची. पुढचे तीन दिवस मी ताट-वाटी घेऊन तिच्या मागे धावले आणि तिथेच चुकले. काय करायला हवं होतं ते आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्याकडच्या सिस्टरनी नंतर नीट समजावलं. आता पाळणाघरातल्या आया मला तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. बहुतेक उत्तरं एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान बाळांचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

दोन दिवस झाले, अन्नाचा कण पोटात गेला नाही. किती काळजी करायची?

खाण्याची कमी, पिण्याची जास्त. एरवी नीट खाणारं, अंगानं बरं असलेलं मूल दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी ते पुढच्या आठवड्यात भरून निघतं. पाणी कमी पडलं तर मात्र त्याच दिवशी तब्येत बिघडू शकते. म्हणून घास मोजू नका, शू मोजा. मी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. त्यावर फक्त दोन रकाने होते: किती वाजता किती प्यायली, आणि किती वाजता शू झाली. डॉक्टरांना फोन केल्यावर पहिला प्रश्न तोच आला आणि उत्तर तयार होतं. नाहीतर रात्री अडीच वाजता ‘दुपारी झाली होती बहुतेक’ यापलीकडे काही आठवत नाही.

सहा ते आठ तास शू झाली नाही, झाली तर थोडी आणि गडद पिवळी, रडताना डोळ्यांतून पाणी येत नाही, ओठ-जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले, लहान बाळाची टाळू खोलगट दिसते, मूल मलूल पडून राहतं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी प्रयोग करत बसू नका. दवाखाना गाठा.

पाणीसुद्धा नको म्हणतो. पाजायचं कसं?

पेलाभर पाजायचा विचार आधी डोक्यातून काढा. दर पाच मिनिटांनी चहाचे दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिली. तासभर हे चालू ठेवलं तर १२० मिली होतात, लहानसा पेलाभर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दुखऱ्या घशाला दोन चमचे झेपतात आणि पेला झेपत नाही. मोबाइलवर गजर लावा, नाहीतर पाच मिनिटांची वीस कधी होतात कळत नाही.

बाटलीच्या निपलला किंवा स्ट्रॉला जोर लावून ओढताना तोंडातल्या टाळूवरचे फोड जास्त दुखतात. अशा वेळी उघडी वाटी, चमचा किंवा औषधाची बिनसुईची सिरिंज सोपी पडते. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवायची आणि थेंब थेंब सोडायचं. थेट घशावर पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो. मुलाला बसवून पाजा, आडवं करून नको.

आमच्याकडे शेवटी उपयोगी पडला तो स्टीलचा चमचा. मी तो फ्रिजमध्ये गार करून ठेवला. तिसऱ्या रात्री तो नुसता ओठांना लावला, तर तिनं जीभ बाहेर काढून चाटला. मग त्याच चमच्यात थंड दूध. एक, दोन, असे सोळा चमचे झाले आणि ती माझ्या खांद्यावरच झोपली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. दुखणं कमी करणारं औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं पाजायला, भरवायला बसा. औषध आणि जेवण एकाच वेळी दिलं तर औषधाचा गुण येईपर्यंत मूल रडून दमलेलं असतं.

ताप नसतानाही पॅरासिटामॉल द्यायचं का?

हो. ते दुखण्यावरचंही औषध आहे. घसा दुखतोय म्हणून मूल पीत नसेल तर डॉक्टरांना विचारून जरूर द्या. मात्र मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय अजिबात नाही.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे हे सिरप दोन ताकदींत मिळतं: ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. थेंबांची छोटी बाटली तर १ मिलीत १०० मिलिग्रॅमची असते. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं ठरलं तर पहिल्या सिरपचं सव्वासहा मिली, दुसऱ्याचं ३ मिली आणि थेंबांचं फक्त दीड मिली होतं. घरात जुनी बाटली एका ताकदीची आणि नवी दुसऱ्या ताकदीची असेल तर झोपेत दुप्पट औषध जाऊ शकतं. चिठ्ठीवर ‘किती मिली’ लिहिलंय एवढंच बघू नका, कुठल्या बाटलीचं तेही बघा. घरातला चमचाही वापरू नका. बाटलीबरोबर येणारं मापच घ्या.

अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना देत नाहीत. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे. शेजारच्या घरातून आलेली बाटली असेल तर तिच्यावरचं नाव वाचा.

घसा दुखत असताना थंड कसं द्यायचं? सासूबाई ऐकायला तयार नाहीत.

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्यात आजीची काळजी खरी असते, म्हणून नीट उत्तर देते. घसा दुखायला लागतो तो बहुतेक वेळा विषाणूमुळे. तो खोकल्या-शिंकांतून, हातांतून, खेळण्यांवरून येतो. फ्रिजमधल्या दुधातून नाही. एकदा घसा सुजला की थंड पदार्थाचा स्पर्श ती जागा जराशी बधिर करतो आणि गिळणं सोपं होतं. हाताला चटका बसल्यावर आपण पाण्याखाली धरतो, तसंच. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या मुलांना आइस्क्रीम देतात ते याच कारणासाठी.

पण सगळ्यांनाच थंड आवडतं असं नाही. काही मुलांना कोमट बरं वाटतं. दोन्ही चमचे समोर धरा आणि मूल कशाला तोंड उघडतं ते बघा. चुकीचं आहे ते कडकडीत गरम. पेजेवर वाफ दिसतेय तोवर ती दुखऱ्या घशासाठी नाही.

आमच्या घरी यावर वाद झाला नाही, कारण आईंना मी डॉक्टरांकडे सोबत नेलं. त्यांनी स्वतः विचारलं, स्वतः ऐकलं, आणि घरी येऊन गार दुधाची वाटी त्यांनीच पुढे केली.

दूध, दही, केळं यांनी कफ वाढतो ना?

नाही. दूध लाळेत मिसळलं की घशात थोडा वेळ दाटसर वाटतं, त्यालाच आपण कफ समजतो. ताजं, आंबट नसलेलं दही आणि पिकलेलं केळं हे दुखऱ्या घशाला सगळ्यात सोसणारे पदार्थ आहेत. आजारपणात आपण नेमके तेच बंद करतो, आणि मुलापुढे उरतं काय? तिखट वरणभात आणि टोस्ट. मला हे फार चुकीचं वाटतं. दूध नको असेल तर जबरदस्ती नाही, पण मूल मागत असताना नाकारू नका.

मग नेमकं काय शिजवायचं?

आपल्या जुन्या स्वयंपाकात आजाऱ्याचं अन्न म्हणून जे आहे, ते बहुतेक सगळं इथे चालतं. फक्त त्यातलं मीठ-तिखट आणि फोडणी काढायची.

गुरगुट्या भात सगळ्यात आधी. दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा मुगाची डाळ, दोन वाट्या पाणी. कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. मग रवीनं घोटा आणि गार होऊ द्या. वरून चमचाभर साजूक तूप. तूप चवीपुरतं नाही. मूल चारच घास खाणार असेल तर त्या चार घासांत जास्तीत जास्त ताकद जायला हवी, आणि तुपामुळे घास सरकतोही. मोहरी-जिऱ्याची फोडणी नको, दाणे घशाला टोचतात. मेतकूट एरवी आजारपणातला सोबती, पण तोंडात फोड असताना ते झोंबतं. फोड बरे होईपर्यंत डबा बंदच ठेवा.

कोकणातल्या घरात पेज असतेच. उकड्या तांदळाची असेल तर गाळून किंवा मिक्सरमधून काढून द्या, शितं अडकतात. नाचणीच्या सत्त्वाची दुधातली खीर, रव्याची पातळ खीर, साबुदाणा अगदी पारदर्शक होईपर्यंत शिजवून केलेली खीर, उकडून कुस्करलेलं रताळं, लाल भोपळा, दुधी, सगळं चालेल. सफरचंद वाफवून गाळलं तर चालतं, कच्च्या फोडी नकोत. अंडं खात असाल तर दूध घालून मऊसूत केलेली भुर्जी. मटण शिजतं त्या घरात अळणी पाणी काढतातच. ते मिरी-मसाल्याविना, कोमट करून, वाटीतून पाजा. शहाळ्याचं पाणी बहुतेक मुलांना आवडतं, मलई आणखी आवडते.

एका बैठकीत वाटी संपवायचा हट्ट नको. दिवसातून सात-आठ वेळा, दोन-तीन घास. सकाळी उठल्यावर आणि औषधानंतरचा तास या दोन वेळा बहुतेक मुलांच्या चांगल्या जातात. जे काही पौष्टिक द्यायचं ते तेव्हा.

आइस्क्रीम, कुल्फी, कस्टर्ड? त्या दोन-तीन दिवसांसाठी द्या, मन मोकळं ठेवून द्या. सुका मेवा घातलेली मात्र नको.

काय टाळायचं?

आंबट, खारट, तिखट आणि टोकदार. मोसंबी-संत्र्याचा रस, लिंबू सरबत, टोमॅटोचं सार, कोकम, आंबट ताक हे फोडांवर आग करतात. ‘व्हिटॅमिन सी मिळेल’ म्हणून मोसंबीचा रस पाजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. मूल किंचाळतं आणि मग पुढचा तासभर साध्या पाण्यालाही तोंड उघडत नाही. खारी, टोस्ट, चकली, चिवडा, वेफर्स घसा खरवडतात. बिस्कीट दुधात विरघळवून दिलंत तर जातं, पण त्यावर दिवस काढू नका. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, लाह्या ही पाच वर्षांखालच्या मुलांना एरवीही धोक्याची. दुखऱ्या घशानं रडत खाताना तर जास्तच.

अंगावर पिणारं बाळ तोंड लावून सोडून देतंय. दूध बंद करू का?

बंद मुळीच नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको. पाजायच्या आधी नाक चोंदलंय का बघा. नाक बंद असलेलं बाळ दूध ओढू शकत नाही आणि आपल्याला वाटतं घसाच दुखतोय. दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पाजा. झोपेत, अर्धवट जागं असताना बाळं बरेचदा जास्त पितात.

तरीही ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं द्या. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकतं. आपल्या उन्हाळ्यात मात्र ते बाहेर ठेवूच नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दूध काढत राहणं आईसाठीही गरजेचं आहे, नाहीतर गाठी होऊन तिलाच ताप येतो.

बोंडल्यानं पाजायची सवय असेल तर रडणाऱ्या बाळाच्या घशात ओतू नका. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोंडलं प्रत्येक वेळी उकळून घ्या, त्याच्या चोचीत दूध साचून राहतं.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरगुती उपाय हा विषयच नाही. त्याच वेळी डॉक्टर.

मध, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, काढा?

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. चाटणातून नाही, बाळगुटीत नाही, चोखणीला लावूनही नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात. बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासावर बेततं. मध घरचा, जंगलातला, शुद्ध असला तरी हेच लागू. वर्षानंतर मात्र अर्धा ते एक चमचा मध घशाला खरंच आराम देतो, खोकल्यालाही.

हळदीचं दूध वर्षावरच्या मुलाला चिमूटभर हळद घालून, कोमट, आवडत असेल तर. सुंठ-मिरीचा काढा लहानांना नको, तो घसा आणखी जाळतो. ज्येष्ठमधाची काडी चघळायला देऊ नका, तुकडा तुटून अडकतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, म्हणून तो मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

आणि ‘पडजीभ पडली’ म्हणून बोटानं मीठ किंवा चुना लावून ती वर दाबायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. कृपा करून हे करू देऊ नका. सुजलेल्या घशाला जखम होते, जंतू आत जातात, आणि त्यानंतर ते मूल चमचा दिसला तरी तोंड मिटून घेतं.

मेडिकलमधून ओआरएस आणू का?

नुसता घसा दुखतोय आणि थोडं थोडं पितोय, तर दूध, पेज, शहाळं पुरतं. उलट्या-जुलाब सोबत असतील किंवा शू कमी झाली असेल तर ओआरएस द्या. पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ’ सूत्र लिहिलेलं घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, छोटं २०० मिलीत. अर्धं पाकीट अंदाजानं भिजवायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या.

रंगीत, गोड, टेट्रापॅकमधली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर भरपूर आणि क्षार कमी. अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयनं ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली, पण जुनी सवय म्हणून दुकानदार अजून तीच पुढे करू शकतो.

मांडीत दाबून भरवलं तर चार घास तरी जातात. काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. रडताना श्वास आत ओढला जातो आणि घास त्याच्याबरोबर जाऊ शकतो. शिवाय त्या चार घासांची किंमत पुढचे पंधरा दिवस मोजावी लागते. मूल बरं होतं, घसा बरा होतो, तरी वाटी दिसली की मान फिरवतं. मी हे केलं आहे. तिचे हात धरून खिचडी भरवली. ती ओकलीच, आणि त्यानंतर महिनाभर खिचडी या पदार्थाला तिनं हात लावला नाही.

अँटिबायोटिक दिलं तर लवकर खायला लागेल ना?

लहान मुलांच्या घशाचे बहुतेक आजार विषाणूंचे असतात, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. पावसाळ्यात पाळणाघरांतून फिरणारा ‘हँड फूट माउथ’ तसाच: तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ, पहिले तीन दिवस वाईट, सात ते दहा दिवसांत बरा. २०२२ मध्ये केरळच्या कोल्लममधून ‘टोमॅटो फ्लू’ नावानं ज्याची बातमी देशभर झाली, तोही याच जातीचा आजार निघाला.

स्ट्रेप नावाच्या जिवाणूमुळे दुखणारा घसा वेगळा. तो मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत दिसतो, तीन वर्षांखाली क्वचित. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस, बहुधा दहा, पूर्ण द्यावं लागतं. मध्येच सोडलं तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होण्याचा धोका राहतो. घशात राखाडी-पांढरा, चिकटून बसलेला पापुद्रा आणि मान सुजलेली दिसली तर घटसर्पाची शंका घ्या, त्याच तासाला रुग्णालयात न्या. लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस आणि नंतरचे डीपीटीचे बूस्टर झालेत का ते डॉक्टर विचारतीलच.

औषध दुधाच्या बाटलीत मिसळलं तर चालेल?

नको. अर्धं दूध उरलं तर अर्धं औषध उरलं. दोन चमचे दुधात किंवा दह्यात मिसळून आधी ते संपवा.

खोकल्याचं सिरपही द्यावं का?

आपणहून नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे सुचवली जात नाहीत.

कुठल्या लक्षणांवर एक मिनिट थांबू नये?

लाळ गळतेय आणि मूल स्वतःची लाळही गिळत नाही. श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येतोय किंवा छाती आत ओढली जातेय. तोंड उघडता येत नाही, मान वळवत नाही. मूल पुढे वाकून, हनुवटी वर करून बसतंय. ओठ निळसर दिसतायत. झोपेतून उठवलं तरी शुद्धीवर नीट येत नाही. अशा मुलाच्या घशात चमचा घालून बघू नका, आडवं झोपवू नका, काही पाजू नका. ज्या स्थितीत बसलंय तसंच मांडीवर घेऊन निघा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

बरं झालं, पण वजन उतरलं. आता काय?

भूक परत येते ती एकदम येते. त्या वेळी ताटात हात आखडता घेऊ नका. पुढचे दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त द्या. तुपातला शिरा, अंडं, दाण्याचं कूट घातलेली मऊ भाजी, केळ्याचं शिकरण, काहीही. माझी मुलगी पाचव्या दिवशी सकाळी उठली आणि ओट्याकडे बोट दाखवून ‘भात’ म्हणाली. सकाळचे सात वाजले होते. मी भात लावला.